घराची तोडफोड : आधी मोजमाप, मग हातोडा

शाबानचा महिना लागला की आपल्या मोहल्ल्यांत रंगाऱ्यांना आणि गवंड्यांना उसंत नसते. रमजानपूर्वी घर नीटनेटके व्हावे, किंवा घरात निकाह ठरला आहे म्हणून मोरी मोठी करावी, ओटा बदलावा, मधली भिंत काढून बैठक ऐसपैस करावी, असे अनेकांना वाटते. टाइल्सच्या दुकानात चार-चार फेऱ्या होतात, रंगाच्या छटा ठरतात, नळ कोणत्या कंपनीचे घ्यावेत यावर घरात खल होतो. परंतु या सर्वांच्या आधी जे काम करावे लागते, म्हणजे जुने पाडणे, उखडणे आणि बाहेर काढणे, त्याचा हिशेब बहुतेक घरमालक करीत नाहीत. खेदाची गोष्ट अशी, की ते काम घेणारे आपले कारागीरही करीत नाहीत. "तोडफोडीचे काय घेणार?" "द्या की काय द्यायचे ते." एवढ्यावर बोलणी संपतात.

मग तिसऱ्या दिवशी खोलीत कमरेइतका ढीग साचतो. जिन्यात गोण्या अडकतात, सोसायटीचे सेक्रेटरी दार ठोठावतात, टेम्पोवाला रोख पैसे मागतो आणि मिस्त्री म्हणतो, "गोण्या खाली उतरवणे माझ्याकडे नव्हते." मालक म्हणतो, "मग तोडून माझ्या उशाशी ठेवायचे होते काय?" एकाच मशिदीत नमाज पढणारी दोन माणसे अशा कारणाने एकमेकांना सलाम करीनाशी झालेली आम्ही पाहिली आहेत. त्याहून वाईट म्हणजे, या पहिल्याच कामात खोट बसलेला ठेकेदार ती खोट पुढे कुठेतरी भरून काढतो. मोरीच्या वॉटरप्रूफिंगचा एक हात कमी होतो, सिमेंट-वाळूचे प्रमाण बिघडते, आणि दोन वर्षांनी खालच्या शेजाऱ्याच्या छतातून पाणी ठिबकू लागते. तोडफोडीचा चुकलेला अंदाज असा नव्या बांधकामात जाऊन मुरतो.

तोडफोडीत प्रत्यक्ष तोडणे हा बहुधा सर्वात लहान खर्च असतो, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. तोडलेला माल गोणीत भरणे, जिन्यावरून उतरवणे आणि गाडीने नेऊन टाकणे यात तोडण्याइतकी, कित्येकदा तिच्या दीडपट रक्कम जाते. आणि भिंतीच्या पोटात काय निघेल त्याचा खर्च वेगळाच.

वजन किती, गोण्या किती

हिशेबासाठी एक साधे घर घेऊ. तिसऱ्या मजल्यावरील, लिफ्ट नसलेल्या इमारतीतील ४०० चौरस फुटांची जागा. स्वयंपाकघर आणि बैठक यांमधली भिंत काढायची, सर्व फरशी बदलायची, मोरी आणि संडास नव्याने करायचे, ओटा काढायचा.

भिंत १० फूट लांब आणि ९ फूट उंच आहे. वीट साडेचार इंचाची, दोन्ही बाजूंचा गिलावा धरून जाडी पावणेसहा इंच. म्हणजे सुमारे ४३ घनफूट. मोरी-संडास सोडून उरलेली ३६० चौरस फूट फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून तीन इंच धरले तर ९० घनफूट. मोरी, संडास आणि ओट्यामागच्या भिंतींवरील टाइल्स गिलाव्यासकट काढल्या तर ३० घनफूट. मोरी-संडासाची जमीन ३६ चौरस फूट आहे, पण तिच्याखाली खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो एक फूट धरला तर ३६ घनफूट. ओटा आणि त्याचे आधार ८ घनफूट. एकूण झाले २०७ घनफूट, म्हणजे घट्ट स्थितीत दोन ब्रासपेक्षा थोडे अधिक.

वीटकामाचे वजन घनमीटरला सुमारे १,९०० किलो असते, म्हणजे घनफुटाला ५४ किलो. ती एक मधली भिंतच सव्वादोन टनांहून जास्त भरते! सर्व माल मिळून ११ टन. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माणसाला उचलून जिना उतरता येईल इतका माल, म्हणजे ३५ किलो भरला, तर गोण्या होतात सुमारे ३२०. तिसऱ्या मजल्यावरून एक गोणी खाली ठेवून परत वर यायला सहा मिनिटे धरली, तर एका माणसाचे ३२ तास झाले. यात पाणी पिणे, दम घेणे, जोहरची नमाज, काहीच धरलेले नाही. हे सारे मजूर माणूस पाठीवर करतो. ज्याला तोडफोडीचा दर जास्त वाटतो त्याने ३५ किलोची एक गोणी स्वतः उतरवून पाहावी.

पुढे गाडीचा हिशेब. फोडलेला माल सुटा झाला की फुगतो. दोन ब्रासचे तीन ब्रास होतात. छोटा हाथी म्हणून ओळखला जाणारा टेम्पो पाऊण टन माल नेतो. त्याच्या पंधरा फेऱ्या होतील. त्याऐवजी मोठी गाडी दोन खेपांत हे काम करील, पण ती तुमच्या गल्लीत वळते काय, आणि ती भरेपर्यंत गोण्या ठेवायला खाली जागा आहे काय, हे आधी पाहावे लागते. जागा नसेल तर रात्रीचा टेम्पोच बरा.

वाचकांनी आपल्या घराची मापे टाकून हाच हिशेब करावा. फीतपट्टी, कागद आणि अर्धा तास एवढेच लागते. कारागीर बंधूंनी तर आकडा सांगण्यापूर्वी तो केलाच पाहिजे. नुसते "बारा बाय दहाची खोली" ऐकून जो दर सांगतो, तो फरशीखाली दुसरी फरशी निघाली की फसतो. जुन्या घरांत हे नेहमीचेच. मूळच्या शहाबादीवर मोझॅक, मोझॅकवर सिरॅमिक, असे थरावर थर असतात. उंबऱ्याशी किंवा कपाटाखाली एक टाइल काढून पाहिली तर कळते.

कोणती रक्कम कशासाठी

मजुरी, गोण्या (त्याही विकत आणाव्या लागतात), उतराई, गाडी आणि माल टाकण्याचे शुल्क एवढे तर उघडच आहे. विसरले जाते ते दुसरेच. इंजिनियरची फी. सोसायटीची अनामत रक्कम, जी जिन्याची लादी फुटली तर परत येत नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर टाकायची पोती आणि लिफ्टच्या दाराला लावायचे प्लायवूड. टेकू लागले तर त्यांचे भाडे. वीज आणि पाणी तोडून तात्पुरती जोडणी करणे. घरातले सामान कुठेतरी ठेवणे आणि कुटुंबाने आठ-दहा दिवस दुसरीकडे राहणे. भाचीच्या घरी राहिलो म्हणून खर्च झाला नाही असे होत नाही.

आणि भरणी! भिंत काढल्यावर तिच्या जागी छताला, दोन्ही बाजूंच्या भिंतींना आणि जमिनीला एक ओबडधोबड पट्टा उरतो. तो गिलावा करून सारखा करणे हे तोडणाऱ्याचे काम की नव्या गवंड्याचे, हे कुणीच ठरवत नाही आणि शेवटी त्यावरून वाद होतो. आमच्या मते हे काम तोडफोडीच्या अंदाजातच धरावे.

यावर अडीअडचणीची रक्कम वेगळी ठेवावी. इमारत वीस वर्षांच्या आतली असेल तर एकूण अंदाजाच्या दहा टक्के. जुनी चाळ किंवा वाडा असेल तर वीस टक्के. ही रक्कम कुठे जाईल? मोरी फोडल्यावर सांडपाण्याचा बिडाचा पाइप सडलेला निघतो, गिलावा पाडल्यावर स्लॅबची सळई गंजून फुगलेली दिसते, स्वयंपाकघराच्या भिंतीत शेजाऱ्याच्या घराची विजेची तार निघते. हे पाहून तसेच झाकता येत नाही. ज्याने पैसे बाजूला ठेवले नाहीत तो अशा वेळी व्याजी कर्जाच्या दाराशी जातो, किंवा गंजलेल्या सळईवर गिलावा थापून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. हाताशी रक्कम कमी असेल तर यंदा फक्त मोरी करावी, बैठक पुढच्या वर्षी.

काय पाडू नये

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात इमारतीचा भार पेलणाऱ्या भागाला धक्का लावल्याचा आरोप झाला. ज्यांचे प्राण गेले त्यांपैकी बहुतेकांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता. ते वरच्या मजल्यांवर आपापल्या घरी होते. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव-डॉकयार्ड रोड येथील महापालिकेच्याच मालकीची बाबू गेनू मंडईची इमारत पडून ६१ जण दगावले. तेथेही तळमजल्यावरील बदलांकडे बोट दाखवले गेले.

म्हणून भिंत पाडण्यापूर्वी ती भार पेलते की नाही हे ठाऊक असले पाहिजे. अनेक मिस्त्री हाताने ठोकून आवाजावरून सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये. आर.सी.सी. इमारतीत खांब आणि तुळया भार घेतात आणि मधली साडेचार इंची भिंत बहुधा केवळ आडोसा असते. पण "बहुधा" या शब्दावर घर पाडता येत नाही. सोसायटीकडे मूळ नकाशा असतो तो मागावा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला जागेवर आणून लेखी घ्यावे. खांब, तुळई, स्लॅब यांना हातोडा लावूच नये. पाइप लपवण्यासाठी खांबात खाच पाडणे आणि वाटेत आलेली सळई कापणे हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. प्लंबर कापतो, गवंडी झाकतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. ठरावातच लिहावे की सळई दिसली की काम थांबेल.

भेंडी बाजार, डोंगरी, नागपाडा या भागांतील जुन्या इमारतींची गोष्ट निराळी. तेथे कित्येक ठिकाणी विटांच्या जाड भिंती स्वतःच भार घेतात, किंवा सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यात विटा भरलेल्या असतात. खांब गिलाव्याच्या आत असल्याने दिसत नाही. अशा ठिकाणी यांत्रिक ब्रेकरचा हादरा धोक्याचा. छिन्नी-हातोडीनेच काम करावे. कोकणात आपल्या मंडळींची जी चिऱ्याची घरे आहेत, त्यांतही भिंत हीच खांब असते. खिडकीचे दार करायचे म्हटले तरी वर लिंटल टाकल्याशिवाय आणि टेकू दिल्याशिवाय एक चिरा हलवू नये.

परवानगीबाबत थोडक्यात. मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ प्रमाणे फरशी बदलणे, गिलावा, रंग, मोरी-संडासाची दुरुस्ती, नळ आणि सांडपाण्याचे पाइप बदलणे अशा किरकोळ दुरुस्तीला पालिकेची परवानगी लागत नाही. खोल्यांची रचना बदलणे मात्र त्यात बसते असे गृहीत धरू नये. वॉर्ड कचेरीत विचारावे. सोसायटीत असाल तर कमिटीची लेखी मंजुरी घ्यावी. पागडीच्या जागेत तर अधिक जपावे. घरमालकाच्या लेखी संमतीविना भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केले, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ते जागा खाली करवण्याचे कारण होऊ शकते. दुरुस्तीच्या हौसेपायी छप्पर गमावण्याची पाळी येऊ नये. गॅसची पाइपलाइन असेल तर ती स्वतः हलवू नये, कंपनीच्या माणसालाच बोलवावे.

कामाचा क्रम आणि ढिगाचे वजन

आधी नळ, बेसिन, दिवे, पंखे, दारे, कपाटे अशा सुटणाऱ्या वस्तू सोडवाव्यात. मग माळा आणि खोटे छत, मग भिंतीवरील टाइल्स, मग भिंत, आणि फरशी सर्वात शेवटी. फरशी आधी उखडली तर तिच्या खाचखळग्यांतून गोण्या ओढाव्या लागतात आणि भिंतीच्या विटा उघड्या स्लॅबवर आदळतात. भिंत वरून खाली, एकेक थर करीत काढावी. खालून पोखरून ती एकदम लोटून देणे म्हणजे सव्वादोन टनांचा घाव स्लॅबला आणि खाली राहणाऱ्यांच्या छताला देणे. पंखा तेथे पडला तर भरून कोण देणार?

सांडपाण्याच्या सर्व तोंडांत चिंध्यांचे बोळे घट्ट बसवून वर पत्रा किंवा लादी ठेवावी. हे पाच मिनिटांचे काम आहे. ते न केल्याने पाइपात विटांचे तुकडे जाऊन साऱ्या इमारतीचा संडास तुंबल्याची उदाहरणे कोणत्याही प्लंबरला विचारावीत, तो चार सांगेल.

ढीग घरात किती साचू द्यावा? राहत्या घराची स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो एवढा वापरातील भार धरून आखलेली असते. सुटा राडारोडा घनमीटरला साधारण १,३५० किलो भरतो. भागाकार केला तर अर्ध्या फुटाचा थर झाला की ती मर्यादा संपते. अर्धा फूट! आणि आपल्याकडे गाडी परवा येणार म्हणून खोलीच्या मध्यावर चार फुटांचा डोंगर रचलेला असतो. लाकडी तख्तपोशीच्या जुन्या मजल्यावर तर हे आणखी धोक्याचे. सबब जे आज तोडले ते आजच उतरवावे. उतरवण्याची माणसे कमी असतील तर तोडणाऱ्याचा हात आवरावा. गाडी ठरल्याशिवाय पहिला घाव घालूच नये, असा आमचा आग्रह आहे. कोणत्याही कारणाने माल रात्रभर ठेवावा लागला तर तो भिंतीकडेने पसरून ठेवावा, मधोमध नाही.

भंगार कोणाचे

हा विषय आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या रोजीचा आहे. सागवानी दारे-चौकटी, लोखंडी ग्रिल, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, पितळी नळ, तांब्याची तार, जी.आय. पाइप यांना किंमत आहे. जुन्या घरातील विटा चुन्यात बांधलेल्या असतील तर त्या साबूत निघतात आणि पुन्हा वापरता येतात. सिमेंटमध्ये बांधलेल्या विटा फुटूनच बाहेर येतात. नक्षीच्या जुन्या सिमेंट लाद्या जपून काढल्या तर त्यांना गिऱ्हाईक मिळते. कोकणात चिरे आणि मंगलोरी कौले दुसऱ्या घराला कामी येतात. मात्र साबूत काढायला वेळ लागतो. घाई असलेल्या मालकाने विटांकडून फार आशा ठेवू नये.

"मजुरी काही नको, भंगार आम्ही नेऊ" हा सौदा सगळीकडे चालतो. दोन्ही बाजूंना तो गोड वाटतो आणि त्यातूनच भांडणे होतात. किती माल निघेल हे कोणालाच ठाऊक नसते. दारे सागवानी निघाली तर मालकाला वाटते आपण लुटले गेलो. पाइप सडलेले निघाले तर मजूर उपाशी राहतो. शरीअतने ज्या अनिश्चिततेला गरर म्हटले आहे आणि व्यवहारात टाळायला सांगितले आहे, ती यात उघड दिसते. मजुरी किती ते ठरवूनच माणूस कामाला लावावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मजुरी वेगळी ठरवावी, भंगार वेगळे. वस्तू सोडवून झाल्यावर, नजरेसमोर वजन करून, त्या दिवसाच्या भावाने विकावे. ती रक्कम हवी तर मजुरीत वळती करावी, पण कागदावर दोन आकडे स्वतंत्र दिसले पाहिजेत. ठरावात उल्लेख नसेल तर माल मालकाचा समजावा आणि मजुराने तो अमानत मानावा.

राडारोडा जातो कोठे

रात्रीच्या अंधारात खाडीकाठी, नाल्यात, रेल्वेच्या हद्दीत, इतकेच काय कब्रस्तानाच्या भिंतीलगतही माल ओतून येणारे टेम्पो आहेत. स्वस्त दर सांगणाऱ्या गाडीवाल्याला "टाकणार कोठे?" हा प्रश्न अवश्य विचारावा. केंद्र सरकारने २०१६ साली बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम केले आणि २०२५ साली नवे नियम जाहीर केले. मोठ्या प्रकल्पांवर जादा बंधने आहेत, पण रस्त्यावर किंवा गटारात माल टाकायची मुभा लहान घरमालकालाही नाही. मुंबई महापालिकेची "डेब्रिज ऑन कॉल" ही सेवा आहे. दर वजनावर आणि भागावर ठरतो, तो वॉर्ड कचेरीत विचारून अंदाजात धरावा. इतर शहरांत पालिकेने नेमलेली जागा कोणती, हे घनकचरा विभाग सांगतो. गाडीवाल्याकडून पावती घ्यावी. माल वेगवेगळा भरावा: विटा-गिलावा एकीकडे, लाकूड-प्लॅस्टिक-कापड दुसरीकडे. मिसळलेला माल भरणीलाही कोणी घेत नाही. स्वच्छ वीट-तुकडा मात्र शेजारच्या बांधकामावर जोत्याच्या भरणीला लागतो. अशी जागा जवळ मिळाली तर गाडीचा निम्मा खर्च वाचतो, तेव्हा आधी चौकशी करावी.

लिहून ठेवा

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामधील २८२ वी आयत ही सर्वात दीर्घ आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपल्या व्यापाऱ्यांना ती माहीत असते. तरी पन्नास हजारांचे काम तोंडी ठरते, कारण "आपलाच माणूस आहे". आपल्याच माणसाशी लेखी करावे, म्हणजे तो आपलाच राहील.

कागद एक पानाचा पुरे. काय तोडायचे ते मापांसकट. काय तोडायचे नाही तेही. गोण्या भरणे, उतरवणे, गाडी, शुल्क आणि भरणी कोणाकडे. भंगार कोणाचे. काम उक्ते की रोजंदारीवर. आमचे मत विचाराल तर जे डोळ्यांना दिसते ते उक्ते द्यावे, आणि जे गिलाव्याच्या आत आहे त्यासाठी दर ठरवून ठेवावा: जादा गोणीला इतके, जादा थराच्या चौरस फुटाला इतके. म्हणजे दुसरी फरशी निघाली तरी कोणाचे तोंड उतरत नाही. बयाणा चौथ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये. अर्धी रक्कम भिंती उतरल्या आणि माल बाहेर गेला की. उरलेली जागा झाडून ताब्यात मिळाल्यावर. रोजच्या मजुराची मजुरी मात्र रोज संध्याकाळी मिळाली पाहिजे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्या, ही शिकवण मुकादमालाही लागू आहे, केवळ मालकाला नव्हे. काम सुरू होण्यापूर्वी खालच्या आणि शेजारच्या घरांच्या छत-भिंतींचे फोटो त्यांच्यासमोर काढून ठेवावेत. भेग जुनी की नवी, हा वाद तेथेच मिटतो.

मजुरांच्या जिवाबद्दलही लिहिले पाहिजे. टाइल आणि काँक्रीट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसते, तिथून निघत नाही आणि वर्षांनुवर्षांनी सिलिकोसिस होतो. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. एन-९५ जातीचा मास्क लागतो आणि पाणी मारत काम करावे लागते. जुन्या चाळींतील सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तो पत्रा फोडू किंवा कापू नये, ओला करून अखंड उतरवावा. मास्क, हातमोजे, चष्मा आणि बूट यांचा खर्च अंदाजात स्वतंत्र लिहावा, नाहीतर तो कोणीच करीत नाही. मजूर बंधूंनी हेही ध्यानात ठेवावे की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आपल्या ठेकेदाराकडून तो वेळच्या वेळी मागून घ्यावा.

शेजाऱ्यांना दोन दिवस आधी जाऊन सांगावे, निदान कामाच्या वेळा तरी. मुले परीक्षेला बसली असतील, कोणी आजारी असेल, तर ठोकण्याचे काम दुपारी ठेवता येते. रमजान तोंडावर असेल आणि काम आठ दिवसांत आटोपणार नसेल तर ते ईदनंतर घ्यावे, कारण रोजा धरून तीनशे गोण्या उतरवायला लावणे योग्य नाही.

तोडफोड आटोपून जागा झाडून झाली की लगेच नवे काम सुरू करू नये. एक-दोन दिवस जागा उघडी ठेवावी. स्लॅब ओलसर कुठे आहे, सळई कुठे दिसते, पाइप कसे गेले आहेत हे याच वेळी दिसते. पुन्हा कित्येक वर्षे दिसणार नाही. पाइप आणि तारा कोठून गेल्या त्यांचे भिंतीला फीतपट्टी लावून फोटो घ्यावेत. इंजिनियरला दुसऱ्यांदा बोलवायचे ते आत्ता. मग साऱ्या खोल्या पुन्हा मोजाव्यात. गिलावा निघाल्याने मापे बदललेली असतात, जुनी फरशी गेल्याने दारांखाली किती अंतर उरले तेही कळते, आणि मोरीचा उतार किती ठेवता येईल हे कोबा निघाल्यावरच ठरते. टाइल्सची पक्की ऑर्डर या मोजणीनंतर द्यावी. दुकानदाराला आधी दिलेला विसार पुरेसा असतो. माल मात्र आताच्या मापाने उचलावा.